नाकाड्यांच्या घरचा पाणकर

जबलपूर, १५ सप्टेंबर १९५४

फौजेच्या सिग्नलच्या नोंदवहीत पंधरा वर्षांत मी स्वतःचा एक शब्द लिहिलेला नाही. संदेश कुणाचा, कुठून आला, किती वाजता, कुणाच्या हाती दिला, आणि खाली सही : गुणवंत नाकाडे. आज स्टोअरच्या बाबूनं एक कोरी वही काढून दिली. म्हणाला, "ले जाओ हवालदार साहब, अब अपनी खबर लिखो." थट्टाच होती, पण मी वही घेतली. फुकट मिळालेली वस्तू फौजी माणूस नाकारत नाही.

उद्यापासून साठ दिवसांची रजा. सकाळी कॅप्टन साहेबांनी बोलावलं आणि टेबलावर दोन कागद ठेवले. एक पेन्शन घेऊन घरी जाण्याचा, दुसरा आणखी दोन वर्षं नोकरीत राहण्याचा. म्हणाले, "आता सही नको. गावी जा, डोळ्यांनी बघा. पंधरा नोव्हेंबरला परत येऊन दोहोंपैकी एकावर सही करा." भला माणूस. दुसऱ्या कुणी मला तिथंच सही करायला लावली असती आणि मी केलीही असती, न वाचता.

खरं सांगायचं तर धास्ती वाटते. फौजेत मला माझी किंमत माहीत आहे. तार कुठं तुटली ते मी अंधारात बोटांनी शोधतो. गावात मी कोण? एकोणिसाव्या वर्षी बाहेर पडलेला पोरगा. तेव्हापासून घरी काढलेले दिवस मोजले तर पुरतं दीड वर्षही भरत नाही. फौजेनं जेवू घातलं, बूट दिले, ब्रह्मदेशातून जिवंत परत आणलं, चौथी शिकलेल्याला हवालदार केलं. असं आईबापासारखं ठिकाण सोडून जायचं तर पलीकडे काहीतरी काम पाहिजे. निव्वळ खाटेवर बसून पेन्शन खाणं मला जमणार नाही.

कोसमटोला, १८ सप्टेंबर

गोंदियाहून छोट्या गाडीनं वडसा, पुढं बैलगाडी. गाडीवान म्हणाला, पोळ्यापासून पावसाचा थेंब नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान उभा होता, पण खालची जमीन तडकायला लागलेली.

वच्छला दारात उभी होती. "आलात जी?" एवढंच म्हणाली आणि पाय धुवायला पाणी दिलं. नऊ वर्षांची रंभा खांबाआड गेली. तिला माझी मिशी आवडलेली दिसत नाही.

घर नीट आहे. बैल धष्टपुष्ट. सहा बांध्या हिनं एकटीनं रोवल्या, माणसं लावून. मी शाबासकी दिली. "आता मी आलो, तुझा भार हलका झाला," असं म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पानात आणखी भात वाढला.

२१ सप्टेंबर

घराला शिस्त लावायला घेतली. सकाळी साडेपाचला उठणं, अंथरुणांच्या चौकोनी घड्या, भांडी उंचीप्रमाणे. पाण्याच्या गुंडा चुलीच्या उजव्या हाताला होत्या, त्या डावीकडे मांडल्या, म्हणजे येण्याजाण्याची वाट मोकळी राहते. वच्छला चूल फुंकत राहिली. दुपारी पाहिलं तर गुंडा परत उजवीकडे. सवयीला औषध नाही. पुन्हा डावीकडे ठेवल्या.

गावकरी मात्र मानतात मला. रोज चार-पाच जण येतात, छपरीत बसतात, लढाईचं विचारतात. एक गोष्ट ध्यानात आली. बोलता बोलता प्रत्येक जण "जरा पानी पिऊन येतो" म्हणून मागच्या दाराला जातो आणि चांगला अर्धा तास येत नाही. आत वच्छलाशी बोलणं चालतं. आपल्या गावाला तहान फार. पाऊस नाही म्हणून असेल.

२६ सप्टेंबर

आज मारुतीच्या देवळापुढं गाव बसला. विषय तलावाचा. मालगुजारी गेली तेव्हापासून मालगुजाराचा तलाव सरकारचा झाला, आणि सरकार नागपुरात. पाणी तर सोडायलाच हवं, नाहीतर उशिरा पिकणारा भारी धान दाणा भरायच्या आत वाळेल. आजवर पाणकर होता रामाजीभाऊ. पाणी किती, केव्हा, कुठल्या बांधीत सोडायचं ते गावात एकटा पाणकर ठरवतो, त्याच्या शब्दापुढं कुणी जात नाही. पण रामाजीभाऊच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू. काठी टेकत उभा राहिला आणि म्हणाला, "मले दिसत नाई बाप्पा. मी म्हणतो पाणकर नाकाड्याच्या घरचा असू द्या." सगळ्यांनी एका आवाजात "हो जी, हो जी" केलं. एकही वाकडा शब्द नाही!

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. आठच दिवस झाले मला येऊन, आणि गावानं आपला जीव माझ्या हाती दिला. गणवेशाची पुण्याई. देवळापुढंच कडक सलाम ठोकला. बायका पदराआड हसल्या.

घरी येऊन वच्छलाला सांगितलं. तिला कळलेलंच होतं. म्हणाली, "चांगलं झालं जी. पाणकराची सोताची बांधी सगळ्यायच्या शेवटी भिजते, हे ध्यानात हाय ना?"

ध्यानात आहे म्हणालो. आता सही कुठल्या कागदावर करायची ते जवळजवळ ठरलंच. काम सापडलं.

२९ सप्टेंबर

तीन दिवस पाळीवर हिंडून नकाशा काढला. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, तिच्या मधोमध तुडूम, म्हणजे पाणी काढायची दगडी भोकं, एकाखाली एक, लाकडी बुचं मारलेली. पाणी उतरेल तसं खालचं बूच काढायचं. तिथून पाणी पाटात, पाटातून बांधीत, एका बांधीतून दुसरीत. सगळे मिळून एक्केचाळीस शेतकरी. मी घड्याळावर वेळापत्रक बसवलं. प्रत्येक बांधीला आकाराप्रमाणे तास-मिनिटं. लहान-मोठा, सोयरा-परका भेद नाही. वरच्या शिरापासून क्रमानं खाली. पलटणीत रेशन वाटतात तसं.

रामाजीभाऊला वाचून दाखवलं. त्यानं मान हलवत सगळं ऐकलं आणि म्हणाला, "कागद बेस हाय गा गुणवंता. पन घरी इचार."

"घरी काय विचारायचं?"

"इचार तं."

म्हातारी माणसं. शुभकामाला निघताना घरच्या लक्ष्मीला विचारावं, असा जुना रिवाज असेल.

३० सप्टेंबर

वेळापत्रक भिंतीला लावलं. वच्छलाला वाचता येत नाही म्हणून मोठ्यानं वाचलं. भागीरथाबाईचं नाव आलं तशी ती म्हणाली, "तिच्या बांधीले आता पानी नोका सोडू जी."

भागीरथाबाई म्हणजे आमच्या आळीतली विधवा. एकच बांधी तिची, त्यावर वर्षाचं पोट. तिला पाणी नको? मी चकित झालो. वच्छला पुढं काहीतरी सांगत होती, तिचा धान हलका, लवकर पिकणारा, दसऱ्यानंतर चार दिवसांत विळा लागेल, वगैरे. मी हात वर केला. बायकांच्या भांडणांची मला कल्पना आहे. म्हणालो, "शेजारणीशी तुझं काय वाकडं असेल ते घरात ठेव. गावच्या पाण्यात आणू नकोस."

ती चुलीकडे वळली. मग म्हणाली, "बरं जी."

जरा कडक बोललो, पण पहिल्याच दिवशी मऊ राहिलं तर पुढं हुकूम चालत नाही. आणि विधवा बाई, एकटी, म्हणून मी तिच्या वेळात आणखी दहा मिनिटं घातली.

रंभा सांजेला म्हणाली, "पानी तं आईच..." वच्छलानं तिला हाक मारून आत नेलं.

४ ऑक्टोबर

काम झकास चाललंय. मी पाळीवर घड्याळ घेऊन उभा, खाली लालसू बुचं काढतो-लावतो. लालसू हा गोंडटोल्यावरचा. पाण्यात उतरला की मासाच. मात्र प्रत्येक बूच काढण्याआधी तो एकदा आमच्या घराकडे बघतो आणि मग हात घालतो. मी विचारलं, तिकडं काय आहे? म्हणाला, "काही नाई जी, सवय हाय."

८ ऑक्टोबर

आरमोरीच्या बाजारात गेलो होतो. तिथं गफ्फार भेटला. माझ्याच कंपनीत नाईक होता, गेल्या साली पेन्शनीवर आला, आता सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलंय. गळ्यात पडला. चहा पाजला. पाणकर झालो हे ऐकून त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"कब से आया तू?"

"तीन आठवडे झाले."

"अन् लगेच हुकूम सोडाले लागला? अबे, पहिले सहा महिने काई करू नको. निस्ता पाहत राह. मी आलो तं पहिल्याच हप्त्यात शमीमच्या चुलीचं तोंड फिरवलं, धूर बाहीर जाते म्हून. सारा धूर आईच्या खाटेवर! दोन महिने घरात कोणी माह्यासंग बोललं नाई."

पोट धरून हसलो. गफ्फार पहिल्यापासून उतावळा. बिचाऱ्या शमीमभाभीचं कौतुक वाटलं.

येताना वच्छलाला हिरव्या बांगड्या घेतल्या. दिल्या तेव्हा म्हणाली, "चांगल्या हायत." पण सध्या ती कमी बोलते.

११ ऑक्टोबर

आज भागीरथाबाईच्या बांधीला पाणी दिलं. ती गावात नाही, लेकीच्या बाळंतपणाला सिंदेवाहीला गेली आहे. आली की खूश होईल. नेमलेल्या वेळेवर दहा मिनिटं जास्त. बांधी काठोकाठ भरली. धान गुडघ्याच्या वर, लोंब्या सोन्यासारख्या झुकलेल्या. वच्छला गवताचा भारा घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे बांधीच्या बांधावरून, चालली होती, ती थांबली. मी घड्याळ वर करून दाखवलं. ती डोक्यावरचा भारा सावरून गेली.

१३ ऑक्टोबर



काल संध्याकाळपासून वारा सुटला. पाऊस नाही, नुसता वारा. सकाळी लालसू धावत आला. जाऊन पाहिलं तर भागीरथाबाईची अख्खी बांधी आडवी. पिकलेला धान, लोंबीला वजन, खाली चिखल मऊ झालेला, मुळांना धर राहिला नाही. पाण्यात लोळला सगळा. दोन दिवस असाच राहिला तर दाण्याला कोंब फुटतील. आजूबाजूच्या बांध्यांतला भारी धान हिरवा, ताठ उभा. त्याला पाणी हवंच होतं. हिला नको होतं.

मला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? याच चिखलात वाढलो मी. हलक्या धानाला पिकताना पाणी तोडतात हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. मला कळत होतं ते फक्त समान वाटप. उंटावरून शेळ्या हाकल्या.

भागीरथाबाई दुपारी परतली. शिव्या देईल, छाती बडवेल असं वाटलं होतं. धुऱ्यावर बसली, पाण्यातली एक लोंबी उचलून पदराला पुसली आणि म्हणाली, "माह्या वाट्याचा पानी तुमी इमानानं देल्ला, हवालदारभाऊ. तुमाले काय बोलू? मले वाटलं घरी इचारूनच सोडलं असान."

घरी विचारून. दुसऱ्यांदा ऐकले हे शब्द.

घरी आलो. वच्छला धान निवडत होती. मी सरळ आत गेलो. वहीतलं पान फाडून कॅप्टन साहेबांना पत्र लिहिलं : आणखी दोन वर्षं नोकरीत राहण्याची इच्छा आहे, कागद तयार ठेवावा. टपाल न्यायला आलेल्या माणसाच्या हाती दिलंसुद्धा. मी तारा जोडणारा माणूस, तिकडंच बरा. इथं माझ्या हातानं एका बाईचं वर्ष बुडालं.

१४ ऑक्टोबर, पहाट

वच्छलानं हलवून उठवलं. साडेपाच वाजायचे होते. "चला जी," म्हणाली. हातात विळा आणि पाण्यात भिजवलेल्या तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, जुडी. कुठं, कशाला, मी विचारलं नाही.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ

बांधीवर आधीच पंचवीस-तीस बायका होत्या, पुरुषही. लालसूनं खालचा धुरा फोडून पाणी काढून दिलं होतं. कुणी बोलावलं यांना? मी विचारलं तर सगळे खाली वाकून कामाला लागले.

काम असं : लोळलेले चार-पाच चूड, म्हणजे धानाची बेटं, एकत्र उचलायचे, शेंड्याखाली तणसानं बांधायचे, म्हणजे ते एकमेकांच्या आधारानं उभे राहतात आणि लोंब्या वाऱ्यावर सुकतात. जे अगदी चिखलात रुतलंय ते कापून धुऱ्यावर पसरायचं. मी बांधलेले चूड सुटायला लागले. वायरीला आठ तऱ्हेच्या गाठी मारतो मी, पण तणसाला त्यातली एक लागू पडेना. वच्छला बाजूला आली. "आवळू नोका. धानाले दम घेता आला पाह्यजे," म्हणाली आणि माझ्या बोटांवर बोटं ठेवून गाठ दाखवली. लोकांदेखत तिनं माझा हात धरला, लग्नानंतर पहिल्यांदा.

पलीकडं भागीरथाबाई वाकली होती. तिनंच मला सांगितलं, सरळ, कुठलाही आडपडदा न ठेवता. रामाजीभाऊचे डोळे चार वर्षांपूर्वीच गेले. तेव्हापासून पाणी वच्छलाच सोडते. तो मान म्हणून पाळीवर बसायचा, आणि ही सगळ्या एक्केचाळीस जणांच्या बांध्यांतून फिरून, लोंबी दातानं फोडून पाहून, कुणाला आज, कुणाला आठ दिवसांनी, कुणाला नाहीच, ते ठरवायची. लालसू हिच्या इशाऱ्यावर बूच काढायचा. लोक मागच्या दाराला पाणी प्यायला येत नव्हते.

मी चिखलात उभा राहिलो. सांगायला लाज वाटते, पण आधी रागच आला. मग राग कुणाचा करायचा तेच कळेना.

घरी जाताना म्हणालो, "सांगितलं का नाहीस?"

"तुमी पुसलं कुठी?" मग थोडं चालून म्हणाली, "सांगाले गेली तं तुमी म्हणले, शेजारणीसंग वाकडं हाय. भागीरथा मले बहिणीसारखी हाय जी. रंभाच्या येळी तीन दिवस तिनं माही चूल पेटवली, तुमी तवा बर्म्यात होते." आवाज चढला नाही तिचा. "पन चूक माही बी हाय. पानी चाललं होतं तवा मी धुऱ्यावरच होती. चार लोकायसमोर तुमचा हुकूम मोडाची हिंमत नाई झाली. मोडाले पाह्यजे होता."

मी पत्राचं सांगितलं. दोन वर्षं वाढवून मागितली आहेत म्हणून. ती चालायची थांबली नाही. "असं काय," म्हणाली.

१६ ऑक्टोबर

निम्म्याहून जास्त धान वाचला. देवाचे उपकार, आणि त्याहून जास्त त्या बायकांचे. उरलेल्याची भरपाई आमच्या बांध्यांतून करायची हे वच्छलानं माझ्याआधीच ठरवून भागीरथाबाईला सांगितलंही होतं.

गावाला पुन्हा देवळापुढं बसायला लावलं. उभा राहून म्हणालो, सिग्नलमध्ये ज्याच्या हातून संदेश जातो त्याचीच सही नोंदवहीत असते, दुसऱ्याची चालत नाही. तेव्हा पाणकर म्हणून माझं नाव काढा, वच्छलाचं घाला. वाटलं होतं, खळबळ माजेल. बाईमाणूस पाणकर कधी झालंय? तसं काही झालं नाही. रामाजीभाऊ काठी टेकत उठून म्हणाला, "मी काय म्हणलो होतो गा? नाकाड्याच्या घरचा असू द्या. घरातला कोन, हे साऱ्या गावाले मालूम होतं. एक तुलेच नाई समजलं." सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? आजवर एवढ्या मायेनं मला कुणी मूर्ख म्हटलं नव्हतं.

२० ऑक्टोबर

आता असं चालतं. सकाळी ती बांध्यांतून फिरते, मी मागं. लोंबी फोडून दाखवते : हिच्यात दूध आहे, हिच्यात पीठ झालं, हा अजून पोटरीत. मग मी तुडमावर उतरतो. हुकूम तिचा, हात माझे. काल चुकीचं बूच काढलं तर म्हणाली, "ते नाई जी, त्याच्या खालचं. पलटणीत असंच करत होते का?" लालसू पाण्यात तोंड खुपसून हसला.

गुंडा चुलीच्या उजवीकडे परत ठेवल्या. डावीकडे संध्याकाळचं ऊन येतं आणि पाणी तापतं, हे आज कळलं.

रंभाला खांबाआडून बाहेर काढायचं तेवढं राहिलंय.

३० ऑक्टोबर

दिवाळी झाली. तलावात थोडंच पाणी उरलं आहे. आमची सहावी, शेवटची बांधी काल भिजली, सर्वांच्या शेवटी. वरच्या अंगाला पुरलं, खालच्या कोपऱ्यात पोचलंच नाही. तिथला धान पोचट राहणार. वच्छलानं वाकून पाहिलं आणि धोतरावर चिखल उडालेल्या मला म्हणाली, "राहू द्या. पाणकराच्या घरी असंच रायते."

दहा-बारा दिवसांत निघायचं आहे. रात्रंदिवस तेच डोक्यात. कॅप्टन साहेबांकडे कागद तयार असेल. आज धीर करून विचारलं, "वच्छला, मी राहू की जाऊ?"

ती शेंगा सोलत होती. हातातली शेंग पुरी सोलून म्हणाली, "लगीन झालं तवा मी पंधरा वर्साची. सहा महिने नाई झाले अन् एक दिवस तुमी बाजारात गेले ते आलेच नाई. तिसऱ्या दिवशी सासऱ्यायनं सांगितलं, पोरगा फौजेत भरती झाला. कोणी मले इचारलं नाई. आज तुमी इचारलं, चांगलं वाटलं."

"मग सांग."

"नाई सांगणार. मी राहा म्हणली अन् तुमी रायले, तं ज्या दिवशी इथी जीव रमणार नाई त्या दिवशी म्हणान, वच्छला म्हणली म्हून रायलो. तुमीच ठरवा. पन या येळी बाजारातून परभारे जाऊ नोका. जे ठरलं ते येऊन सांगा."

सकाळी पत्र परत मागवणारं दुसरं पत्र लिहायला बसलो. दोनदा फाडलं. इथं मी हाताखालचा माणूस, तिथं माझ्या हाताखाली बावीस जण. हे लिहायला नको वाटतं, पण ते मनात आहे. मोठेपणाची चटक दारूहून वाईट.

जबलपूर, १५ नोव्हेंबर

कॅप्टन साहेबांनी हसून स्वागत केलं. "पत्र मिळालं. कागद तयार आहे, मलाही बरं वाटलं." पुढं केला. टाकही हातात दिला. दुसरा कागद फायलीत गेला होता.

बाहेर परेड चालू होती. पायांचा तो ठेका ऐकला की अजूनही छाती आपोआप पुढं येते. वाटलं, दोनच वर्षं तर आहेत. मग डोळ्यांपुढं आला तो आमच्या बांधीचा कोरडा कोपरा. पुढच्या साली पाणी तिथवर न्यायचं तर पाटातला गाळ उपसायला हवा, तिथं दोन माणसं लागतील, आणि एक माणूस पंधरा वर्षं एकटंच उपसत होतं. कुणीही मला हे सांगितलं नव्हतं. माझं मलाच दिसलं.

म्हणालो, "साहेब, माफी असावी. दुसरा कागद काढा."

साहेब गंभीर झाले. "गावात काम आहे का?"

"आहे, साहेब. पाणकराच्या हाताखाली."

"पाणकर माणूस चांगला आहे?"

"कडक आहे. पण न्यायी आहे."

सही केली. सामान जमा केलं, एकेक वस्तू मोजून. बूट ठेवताना हात थबकला. सुभेदार साहेबांनी ते उचलून परत माझ्या पिशवीत कोंबले आणि दुसरीकडे बघितलं. लंगरवाल्यानं वाटेसाठी पुऱ्या बांधून दिल्या. मी सगळ्यांना सलाम केला, स्टोअरच्या बाबूलाही. पंधरा वर्षं ज्यांनी सांभाळलं त्यांचं देणं कुठल्या जन्मी फेडू? रागावून, हिणवून, भांडून निघणारे पाहिले आहेत मी. मला तसं निघावं लागलं नाही, हे माझं भाग्य. निघायच्या आधी डोळे भरून बघायला साठ दिवस मिळाले, हे कॅप्टन साहेबांचे उपकार.

कोसमटोला, १९ नोव्हेंबर

दुपारी पोचलो. घरी कुणी नव्हतं. कापणीचे दिवस, सगळे बांधीवर. पिशवी छपरीत टाकून तसाच निघालो.

वच्छला कोरड्या कोपऱ्यातला पोचट धान कापत होती. चांगला आधी कापून झाला होता. मला पाहून सरळ उभी राहिली, विळा हातातच.

"सही झाली," मी म्हणालो.

"कोणच्या कागदावर?"

"घरी यायच्या."

ती मान हलवून पुन्हा वाकली. दोन मुठी कापल्या. तिसरी कापता आली नाही. विळा खाली टाकून ती धुऱ्यावर बसली आणि रडायला लागली, मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. पलीकडच्या बांधीतल्या बायका बघायला लागल्या. भागीरथाबाईनं हातानंच त्यांना गप्प केलं.

मी घाबरलो. "काय झालं? चुकलं का माझं?"

"नाई जी," ती हुंदक्यातून म्हणाली. "पंधरा वर्सं रडली नाई मी. रडत बसली असती तं कामं कोनं केली असती? आता रडू द्या."

बायको रडली तर काय करावं हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं. मी तिच्या शेजारी धुऱ्यावर बसलो. ती खूप वेळ रडली. मग नाक पुसलं आणि खाली पडलेला विळा माझ्या हातात दिला.